पापांच्या यादीआधी पापमुक्तीचे वाक्य शिकवा: धर्मशिक्षकांना खुले पत्र

प्रिय धर्मशिक्षकांनो,

मुलांची पहिल्या कन्फेशनची, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मिळवण्याच्या संस्काराची, तयारी करून घेणारे, तरुणांचे वर्ग चालवणारे आणि प्रौढांना बाप्तिस्म्यासाठी तयार करणारे तुम्ही सगळे, तसेच हे काम तुमच्यावर सोपवणारे धर्मगुरू यांना उद्देशून हे पत्र लिहीत आहोत. आम्हीही याच कामातले आहोत. मागणी एकच आहे: कन्फेशन शिकवताना सुरुवात पापांच्या यादीपासून करू नका. धर्मगुरू शेवटी हात पुढे करून जे वाक्य उच्चारतात, त्या पापमुक्तीच्या वाक्यापासून करा.

आज बहुतेक वर्गांत उलटे घडते. दहा आज्ञा घेतल्या जातात, प्रत्येक आज्ञेखाली पापे मांडली जातात, पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून घेतली जाते आणि पापमुक्तीबद्दल ‘मग फादर क्षमा देतात’ एवढे सांगून धडा संपतो. अशा शिकवणुकीतून तयार झालेला माणूस आयुष्यभर तीन गैरसमज बाळगतो. क्षमा करणारा माणूस धर्मगुरू आहे, हा पहिला. सांगितलेली प्रायश्चित्ताची प्रार्थना ही क्षमेची किंमत आहे, हा दुसरा. आणि एखादे पाप सांगायचे राहून गेले तर सगळेच फुकट गेले, हा तिसरा. यातला प्रत्येक गैरसमज इतिहासाच्या कुठल्या ना कुठल्या थरातून आला आहे. तो थर दाखवला की गैरसमज आपोआप सैल होतो, म्हणून थोडा इतिहास वर्गात यायलाच हवा.

मूळ शुभवर्तमानात आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री मनात विचारतात, एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? प्रश्न बरोबर आहे आणि ख्रिस्तसभेने तो कधीच चुकीचा ठरवलेला नाही. पुढे योहानाच्या विसाव्या अध्यायात, पुनरुत्थानाच्या संध्याकाळी, येशू शिष्यांवर श्वास फुंकतो, पवित्र आत्मा घ्या असे म्हणतो आणि ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, ज्यांची ठेवाल त्यांची राहतील, असा अधिकार देतो. मत्तयाच्या सोळाव्या आणि अठराव्या अध्यायातले बांधण्या-सोडण्याचे शब्दही याच अधिकाराविषयी वाचले जातात. क्षमा देवाची, ती पोचवण्याची सेवा माणसांकडे सोपवलेली. पुढच्या दोन हजार वर्षांतला वाद बहुतेक याच दोन टोकांमधला आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांपुढची अडचण वेगळी होती. पापांची क्षमा बाप्तिस्म्यात होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग बाप्तिस्म्यानंतर कोणी व्यभिचार, खून किंवा धर्मत्याग केला तर काय? दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिला गेलेला ‘हर्मासचा मेंढपाळ’ हा ग्रंथ सांगतो की आणखी एक संधी आहे, पण एकच. इ. स. 200 च्या सुमारास तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने याच संधीला जहाज फुटल्यावर हाती लागलेली दुसरी फळी म्हटले. नंतर तोच तर्तुल्यन कडक मोंतानी पंथाकडे झुकला आणि व्यभिचारासारख्या पापाची क्षमा बिशप देऊ शकतात हेच त्याने नाकारले. म्हणजे हा प्रश्न सुरुवातीपासून धगधगता होता.

तो खरा पेटला 250 मध्ये. सम्राट देकिउसने साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसते प्रमाणपत्र मिळवले. छळ ओसरल्यावर ही माणसे परत आली. रोममध्ये नोवातियन या धर्मगुरूने 251 मध्ये वेगळी चूल मांडली, धर्मत्याग केलेल्यांना ख्रिस्तसभेने परत घेऊच नये म्हणून. कार्थेजचे बिशप किप्रियन यांनी मधली वाट धरली: परत घ्यायचे, पण दीर्घ प्रायश्चित्तानंतर, आणि नुसते प्रमाणपत्र घेणारा व प्रत्यक्ष बळी देणारा यांना एका मापाने मोजायचे नाही. ख्रिस्तसभेने नोवातियनाची वाट नाकारली. वर्गात हा प्रसंग जरूर सांगा. क्षमेला मर्यादा घालण्याचा आग्रह धरणारेच शेवटी बाहेर गेले, हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

दीर्घ प्रायश्चित्त म्हणजे किती, याचेही नेमके आकडे हाती आहेत. 325 च्या नायसीया येथील बिशपांच्या परिषदेचा अकरावा नियम कोणत्याही सक्तीविना धर्म सोडलेल्यांसाठी बारा वर्षे सांगतो: तीन वर्षे फक्त वाचन ऐकणाऱ्यांत, सात वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत आणि दोन वर्षे समुदायाबरोबर प्रार्थनेत, पण ख्रिस्तशरीर (कम्युनियन) न घेता. त्याच शतकात संत बेसिल यांनी जाणूनबुजून केलेल्या खुनासाठी वीस वर्षे ठरवली. पहिली चार वर्षे दाराबाहेर उभे राहून आत जाणाऱ्यांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत रडायचे. पाच वर्षे आत येऊन फक्त ऐकायचे आणि प्रार्थना सुरू होण्याआधी बाहेर पडायचे. सात वर्षे गुडघे टेकून. शेवटची चार वर्षे सर्वांबरोबर उभे राहायचे, पण वेदीवरच्या अर्पणात वाटा नाही. त्यानंतर सहभाग. रोममध्ये हा परत घेण्याचा विधी पवित्र गुरुवारी होत असे, असे पोप पहिले इनोसंट यांच्या 416 च्या पत्रात आहे. मरणासन्न माणसाला मात्र ख्रिस्तशरीर नाकारायचे नाही, हे नायसीयाच्याच तेराव्या नियमाने स्पष्ट केले होते. कडकपणाच्या ऐन भरातही ही खिडकी उघडी होती.

इथे एक बारकावा पाहा. त्या काळी क्रम असा होता: पाप कबूल करणे, प्रायश्चित्त पुरे करणे, मग पापमुक्ती. सम्राट थेओदोसिउसने 390 मध्ये थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल करवली, तेव्हा मिलानचे बिशप अंब्रोज यांनी त्यालाही याच क्रमाने जायला लावले. काही महिने सार्वजनिक प्रायश्चित्त केल्यावर त्या वर्षीच्या नाताळात त्याला परत घेण्यात आले.

ही पद्धत का टिकली नाही? तिच्या कडकपणामुळेच. प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे आणि ते घेतलेल्याला पश्चिमेत अनेक ठिकाणी पुढेही निर्बंध पाळावे लागत: लग्न नाही, सैन्यात नोकरी नाही. परिणाम उघड होता. लोक प्रायश्चित्त मृत्युशय्येपर्यंत ढकलू लागले. सहाव्या शतकात आर्लचे बिशप सेझारिउस तर तरुण विवाहितांनी ते घेण्याची घाई करू नये असे सांगत, कारण त्याचे बंधन त्यांना पेलणार नव्हते. औषध इतके जहाल की रोगी ते घेईनात.

उत्तर आले आयर्लंडच्या मठांतून. तिथे साधू आपले पाप एका वडीलधाऱ्याला खासगीत सांगत, तो प्रायश्चित्त ठरवून देई, आणि हे पुन्हा पुन्हा करता येई. कोलंबानुससारख्या साधूंनी सहाव्या-सातव्या शतकांत ही रीत युरोपभर नेली. स्वागत लगेच झाले नाही. 589 च्या तोलेदो परिषदेने ‘जितक्या वेळा पाप तितक्या वेळा क्षमा मागण्याच्या’ या रीतीचा कडक निषेध केला. आज आपण जे सनातन समजतो त्याच्यावर कधीकाळी बंदी घातली गेली होती, हे धर्मशिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे.

या रीतीबरोबर प्रायश्चित्त-पुस्तके आली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्याचा उपवास, याची कोष्टकेच ती. कबुलीजबाब घेणाऱ्या अल्पशिक्षित धर्मगुरूंना त्यांची मदत झाली, पण बिघाडही त्यांच्यातूनच झाला. वर्षांचा उपवास स्तोत्रपठणात बदलून घ्यायची सोय झाली, मग दानात, पुढे दुसऱ्याकडून उपवास करून घेण्यापर्यंत मजल गेली. 813 मध्ये शालों येथील परिषदेने ही पुस्तके मोडीत काढताना म्हटले की त्यांतल्या चुका निश्चित आहेत, लेखक मात्र अनिश्चित. ‘तीन वेळा नमो मारिया म्हटली की हिशेब चुकता’ असे जे आपल्या वर्गातल्या मुलाला वाटते, त्याचे मूळ या कोष्टकांत आहे.

पुढे हळूहळू क्रम उलटला. लांबचे प्रवास, परत न येणारी माणसे, आजारपण अशा कारणांनी धर्मगुरू कबुलीनंतर लगेच पापमुक्ती देऊ लागले आणि प्रायश्चित्त नंतर करायचे राहिले. सुमारे अकराव्या शतकापर्यंत हीच सर्वसाधारण पद्धत झाली. म्हणूनच आज प्रायश्चित्त हे क्षमेची किंमत असू शकत नाही: क्षमा मिळाल्यावर ते केले जाते. पापाने जे बिघडवले ते सावरायला सुरुवात करणे हा त्याचा अर्थ. ते जाणूनबुजून टाळणे चूक आहेच, पण नंतर विसरले गेले म्हणून मिळालेली क्षमा परत जात नाही.

1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने एकविसाव्या नियमात वर्षातून किमान एकदा कन्फेशन बंधनकारक केले आणि गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कायमचे कडक मठात ठेवावे असे ठरवले. आजच्या कायद्यात गुप्ततेचा थेट भंग करणाऱ्या धर्मगुरूवर आपोआप बहिष्कार लागू होतो. कन्फेशनची जाळीदार पेटी मात्र सोळाव्या शतकातली. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी तिचा आग्रह धरला, तोही मुख्यतः मर्यादा आणि सुरक्षितता सांभाळण्यासाठी. अंधारी पेटी हा संस्काराचा गाभा नाही. ज्यांना तिची भीती वाटते त्यांना हे सांगा.

आता खुद्द वाक्याकडे येऊ. पहिल्या हजार वर्षांत पापमुक्ती प्रार्थनेच्या रूपात दिली जाई: देव तुला क्षमा करो. ‘मी तुला मुक्त करतो’ हे विधानाचे रूप पश्चिमेत तेराव्या शतकात रुजले. धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी त्याची बाजू मांडली आणि 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते नोंदवले. सध्याचा लॅटिन विधी डिसेंबर 1973 मध्ये जाहीर झाला. त्यातल्या वाक्याचा आशय असा: दयेचा पिता जो परमेश्वर, त्याने आपल्या पुत्राच्या मरणाने व पुनरुत्थानाने जगाचा स्वतःशी समेट घडवून आणला आणि पापांच्या क्षमेसाठी पवित्र आत्मा पाठवला; ख्रिस्तसभेच्या सेवेद्वारे परमेश्वर तुला क्षमा आणि शांती देवो; आणि मी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तुझ्या पापांपासून तुला मुक्त करतो. माणूस उत्तर देतो, आमेन.

हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना कर्ता शोधायला लावा. सुरुवातीपासून परमेश्वरच सगळे करतो आहे. मधे प्रार्थना आहे, पहिल्या हजार वर्षांची आठवण जपणारी. ‘मी’ येतो तो अगदी शेवटी, आणि तोही त्रैक्याच्या नावाखाली. फादर क्षमा करतात की देव, या प्रश्नाचे उत्तर त्या रचनेतच आहे. हे उच्चारताना धर्मगुरू दोन्ही हात, निदान उजवा हात, डोक्यावर पसरतात. संस्कारासाठी अत्यावश्यक भाग म्हणजे ‘मी तुला मुक्त करतो’ पासूनचा शेवटचा तुकडा. मृत्यू अगदी समोर असेल तर तेवढाच म्हटला तरी पुरतो. शिवाय अशा वेळी कन्फेशन ऐकण्याची परवानगी नसलेला धर्मगुरूही वैधपणे पापमुक्ती देऊ शकतो. एरवी दीक्षा पुरेशी नसते, ती परवानगीही लागते.

माणसाच्या बाजूने तीन गोष्टी लागतात. 25 नोव्हेंबर 1551 रोजी ट्रेंटच्या परिषदेने त्या मांडल्या: पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त. पश्चात्ताप देवावरच्या प्रेमातून आला तर परिपूर्ण. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेने आला तर अपूर्ण, पण संस्कारात तोही पुरतो. परिपूर्ण पश्चात्ताप कन्फेशनचा निर्धार धरून केला तर संस्काराआधीच देवाशी समेट होतो. कबुलीत गंभीर पापे त्यांच्या प्रकारासह आणि आठवेल तितक्या नेमक्या संख्येसह सांगायची. बारीकसारीक वर्णन नको, दुसऱ्याचे नाव तर मुळीच नको.

बिघडते कुठे ते नीट वेगळे करून शिकवा, कारण सगळी भीती इथेच साठते. गंभीर पाप मुद्दाम लपवले तर ते कन्फेशन व्यर्थ जाते. पुढच्या वेळी ते लपवणे आणि त्या कन्फेशनमधली गंभीर पापे पुन्हा सांगावी लागतात. खरोखर विसरले तर तेही क्षमेत आले, आठवल्यावर पुढच्या कन्फेशनमध्ये सांगायचे, एवढेच. पाप सोडायचा विचारच नसेल तर पापमुक्ती वैध नाही. ‘पुन्हा घसरेन अशी भीती वाटते’ आणि ‘पुन्हा करणारच आहे’ यांत फरक आहे. पहिल्याने काहीही बिघडत नाही. चोरलेले परत करायचे बंधन पापमुक्तीने संपत नाही. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर हा संस्कार होत नाही, समोरासमोर उपस्थिती लागते. सामूहिक पापमुक्ती मृत्यूचा धोका किंवा गंभीर गरज असेल तरच, आणि ती घेणाऱ्याने पुढे आपली गंभीर पापे वैयक्तिक कन्फेशनमध्ये सांगायचा निर्धार धरला पाहिजे. महामारीच्या सुरुवातीला, मार्च 2020 मध्ये, व्हॅटिकनने अशी गंभीर गरज कुठे ठरू शकते ते स्पष्ट केले होते.

एका प्रश्नाला वर्गात हमखास तोंड द्यावे लागते: गुन्हेगाराने कबुली दिली तर? धर्मगुरूला ते कुणालाही सांगता येत नाही. पोलिसांकडे जाण्याची अट घालून पापमुक्ती रोखताही येत नाही. 29 जून 2019 च्या व्हॅटिकनच्या टिपणाने हे स्पष्ट केले. मात्र खरा पश्चात्ताप, सुधारणेची इच्छा आणि तेच पुन्हा न करण्याचा निर्धार नसेल तर पापमुक्तीचा आधारच उरत नाही. आणि दुसऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेले कोणी कन्फेशनमध्ये बोलले, तर त्याला त्याचे हक्क आणि तक्रारीचे मार्ग समजावून सांगायचे, असेही ते टिपण सांगते. मुलांना हे तुम्ही आधीच स्पष्ट शब्दांत सांगा: आपल्यावर कोणी केलेला अत्याचार हे आपले पाप नव्हे, ते कन्फेशनमध्ये ‘कबूल’ करायचे नसते, विश्वासू मोठ्या माणसाला सांगायचे असते.

अतिशंकी मनाची माणसे प्रत्येक वर्गात एखाद-दुसरी असतात. त्यांना झालेली कन्फेशने पुन्हा पुन्हा करावीशी वाटतात, यादी कधीच पुरी झाल्यासारखी वाटत नाही. यादीपासून सुरू होणारी शिकवणूक त्यांना सगळ्यात जास्त छळते. त्यांच्यासाठी जुना उपाय आजही चालतो: एकच धर्मगुरू धरायचा, त्याने मनाई केली की क्षमा झालेली पापे उकरायची नाहीत, आणि संशयाचा कौल नेहमी सुटकेच्या बाजूने घ्यायचा. त्रास रोजच्या जगण्यात शिरला असेल तर डॉक्टरांचीही मदत घ्यायला सांगा.

इतर ख्रिस्ती परंपरांबद्दल थोडक्यात, कारण मिश्र कुटुंबांतली मुले विचारतात. पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) चर्चमध्ये धर्मगुरू आणि कबुली देणारा दोघेही ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभे राहतात, धर्मगुरू आपल्या गळ्यातली पट्टी त्याच्या डोक्यावर ठेवतात आणि अनेक ठिकाणी प्रार्थनारूप पापमुक्ती देतात. स्लाव्ह विधीत धर्मगुरू सांगतात की मी केवळ साक्षीदार आहे. जर्मन धर्मसुधारक लूथरने 1517 मध्ये हल्ला चढवला तो इंडल्जन्सच्या व्यवहारावर. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेतली सूट. पापमुक्तीशी तिची गल्लत नको. खासगी पापमुक्ती लूथरने जपली, आणि ‘आउग्सबुर्ग कबुली’ या लूथरपंथीयांच्या 1530 च्या श्रद्धा-जाहीरनाम्याचा अकरावा लेख ती ठेवा असेच सांगतो, फक्त सगळ्या पापांची मोजदाद आवश्यक नाही म्हणतो. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात रोजच्या उपासनेत सामूहिक घोषणा आहे आणि आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत ‘मी तुला मुक्त करतो’ हे रूपही आहे.

आमची सूचना नेमकी अशी. पहिल्या तासाला मार्कचा दुसरा अध्याय आणि योहानाचा विसावा वाचा, पापांचा उल्लेखही नको. दुसऱ्या तासाला पापमुक्तीचे वाक्य तुकड्यातुकड्याने समजावा. तिसऱ्या तासाला विवेकाची तपासणी घ्या, पण छापील यादी हातात देऊ नका. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये सातव्या वर्षाच्या सुमारास, समज येते त्या वयापासून, मुलांना कन्फेशन आणि ख्रिस्तशरीर हे दोन्ही संस्कार खुले केले. त्या वयाचे मूल यादी मिळाली की तिच्यातून न केलेली पापेही निवडते. त्याऐवजी तीन प्रश्न द्या: देवाशी मी कसा वागलो, घरच्यांशी कसा, इतरांशी कसा. चौथ्या तासाला चर्चमध्ये नेऊन सराव करा: क्रूसाची खूण, स्वागत, कबुली, सल्ला, प्रायश्चित्त, पश्चात्तापाची प्रार्थना, पापमुक्ती, ‘आमेन’, आणि शेवटी धर्मगुरूंच्या ‘परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे’ याला ‘त्याची दया सनातन आहे’ हे उत्तर. सरावात खरी पापे कुणालाही सांगायला लावू नका.

आणि धर्मगुरूंना विनंती: पापमुक्तीचे वाक्य सावकाश, ऐकू येईल असे म्हणा. ते पुटपुटले जात असतानाच समोरच्याने पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत राहावे, ही सवय अनेक ठिकाणी पडली आहे. प्रार्थना संपू द्या, मग हात पुढे करा, आणि त्याला ‘आमेन’ म्हणायला वेळ द्या.

आपले,
धर्मशिक्षणाच्या कामातले सहकारी